जांभळा मोर

नव्या रेशमाचा वास आला की माझ्यापुढे तो जांभळा मोर अलगद पिसारा फुलवतो. पैठणच्या विणकरांसाठी आम्ही नक्षी दाखवणारं सॉफ्टवेअर करत होतो. ऑफिसातल्या एका संगणकाचा ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावर चित्रं उमटवणारा प्रोग्राम, बिघडलेला, त्यामुळे हिरवा मोर तिथे जांभळा उमटायचा आणि पडद्यावरचं चित्र साठवलेल्या नमुन्याशी ताडून बघणारी आपोआप चालणारी चाचणी नापास व्हायची. मी शहाण्याने ते जांभळं चित्रच नमुना म्हणून ठेवलं आणि चाचणी पास करून टाकली. मग पैठणहून एक विणकरीणबाई आमचं काम पसंत करायला आल्या. त्या नाही म्हणाल्या असत्या तर काम गेलंच होतं. पदर सावरत त्या पडद्याजवळ वाकल्या. "साहेब, मोराला कुणी बुकललं का?" मी सगळं कबूल केलं आणि त्यांच्यासमोरच ड्रायव्हर बदलला. मोर हिरवागार झाला, अन् चाचणीने आता त्यालाच नापास केलं. बाई खुदखुदल्या. "मोर पास हाय. तुमची परीक्षाच नापास." आजही सगळ्या चाचण्या पास झाल्या की मी हळूच पडद्यावरचा मोर बघून येतो.