रास्पबेरीचा काढा

इथे अमेरिकेत, ॲन आर्बरमध्ये कुठल्या मराठी मुलीला दिवस गेले, की महिन्या-दोन महिन्यांत माझा फोन वाजायचा. आईला व्हिसा मिळत नाही, सासूचे गुडघे गेलेत, काकू, तुम्ही याल ना? मी जायचे. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळाला तेल लावून अंघोळ, स्मोक अलार्मला शॉवर कॅप घालून ओव्याची धुरी. डॉक्टर-नर्स काय ते हॉस्पिटलात, घरी आली की बाळंतीण माझ्या ताब्यात, असं मी चारचौघांत म्हणायचेसुद्धा. गर्व होता हो, खोटं कशाला बोलू?

आमच्या मागच्या अंगणात कुंपणालगत रास्पबेरीची काटेरी झुडपं आहेत, आधीच्या घरमालकाने लावलेली. कितीतरी वर्षं मला त्यांचं फळच तेवढं माहीत होतं. पाल्याचं सांगितलं शेजारच्या गोऱ्या म्हातारीने. चार मुलांची आई, सगळी बाळंतपणं घरीच झालेली. तिने मला फुलं यायच्या आधी कोवळी पानं कशी खुडायची ते दाखवलं, मागून पांढरट, मऊ लव असलेली. सावलीत वाळवायची. घसा धरला तर त्या पाण्याच्या गुळण्या, पोट बिघडलं तर घोटभर, पाळीत ओटीपोट दुखलं तरी तेच. आणि गरोदर बाईने शेवटचे सहा-आठ आठवडे रोज कपभर घ्यायचं, म्हणजे गर्भाशयाला बळ येतं, कळा नीट येतात. "माझी आजी असं म्हणायची. डॉक्टर खांदे उडवतात," हेही ती तेव्हाच म्हणाली होती. ते मी या कानाने ऐकलं नि त्या कानाने सोडून दिलं. मला भारी आनंद झाला होता. परदेशात आपल्या कामाचा पाला स्वतःच्या कुंपणाला सापडावा! त्या वसंतात मी दोन बरण्या भरल्या.

त्याच वर्षी ती मुलगी आली. साताऱ्याकडची. नवरा नागपूरचा, इथे नोकरीला. लग्नाला सात वर्षं झालेली, किती उपचार झाले तेव्हा कुठे दिवस राहिले होते. आईचा व्हिसा दोनदा नाकारला. पहिल्याच भेटीत माझा हात धरून म्हणाली, "काकू, हे बाळ मला हवंय हो. बाकी तुम्ही सांगाल ते करीन." आणि खरंच करायची. मी उठ म्हटलं की उठायची, झोप म्हटलं की झोपायची. असं कुणी ऐकायला लागलं ना, की माणूस बिघडतो. मी बिघडले.

म्हातारीने सांगितलं होतं ते चहासारखं. चमचाभर पाला, वर उकळतं पाणी, झाकण, पाच मिनिटं. मला ते पुचाट वाटलं. असल्या गवती पाण्याने कुणाच्या अंगी काय लागणार? आमच्याकडे औषध म्हणजे काढा. माझ्या आईने शिकवलेला एकच हिशोब: आठ भांडी पाणी ठेवायचं, मंद आचेवर एक भांडं उरेपर्यंत आटवायचं. मी मूठभर पाला घातला आणि तसाच आटवला. काळाकुट्ट झाला, जीभ आखडेल असा कडू-तुरट. आणि शेवटचे सहा-आठ आठवडेच कशाला? बळ यायचं तर लवकर सुरू केलेलं बरं. सहावा लागला तेव्हा सुरू केला. कुणाला विचारलं नाही. मला कोण शिकवणार?

ती नाक धरून प्यायची. "काकू, हे म्हणजे विषाची परीक्षा आहे," असं हसत म्हणाली एकदा. मी दटावलं, "कडू ते गुणाचं. गीळ गुमान."

एकवीस दिवस दिला. बाविसाव्या दिवशी, शनिवारी दुपारी, तिच्या नवऱ्याचा फोन. "काकू, हिचं पोट लय दुखून राहिलं. पाणी पण गेलंय बहुतेक. आम्ही निघालो, तुम्ही या." मी हॉस्पिटलात पोचले तेव्हा तिला आत घेतलं होतं, मलाही तिच्याजवळ सोडलं. एका नर्सने भराभर प्रश्न विचारले. किती आठवडे, पडलीस का, ताप होता का, आणि मग: काही गोळ्या, सप्लिमेंट्स, हर्बल टी वगैरे?

तिने माझ्याकडे पाहिलं. कळ ओसरण्याची वाट बघत, घामाने चेहरा भिजलेला, तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. नेहमी बघायची तशीच, काकू काय सांगतात ते बघू म्हणून.

"नो, नो," मी म्हटलं. "नथिंग. ओन्ली होम फूड."

हे मी का म्हटलं ते मला आजही धड सांगता येत नाही. घरगुती गोष्टी डॉक्टरपुढे काढायच्या नाहीत, हसतात मेले, हे एक. पण ते निम्मंच. निम्मी भीती होती. माझ्या तोंडाने स्वतःला वाचवलं.

मुलगी झाली. तळहातावर मावेल एवढी. काचेच्या पेटीत नऊ दिवस होती. दहाव्या दिवशी सकाळी नळ्या काढून आईच्या हातात दिली, आणि तासाभरात गेली. मी तिथेच होते. त्या बाईचं रडणं मी ऐकलंय, आणखी काय सांगू?

डॉक्टर म्हणाले, कारण सापडलं नाही, कधी कधी असं होतं. घरी आमचे हे म्हणाले, "झालं ना मग? कशाला उकरून काढतेस?" मी शेजारच्या म्हातारीकडे गेले. तिने सगळं ऐकलं आणि तिचा चेहरा उतरला. "तू उकळलंस? सहाव्या महिन्यात?" मग म्हणाली, "त्यानेच झालं असं कुणीच सांगू शकणार नाही. नाही झालं असंही नाही. पण तिच्या डॉक्टरला सांग." मी मान डोलावली आणि सांगितलं नाही. जुलैत झुडपांना फळं आली, नेहमीपेक्षा जास्तच. मी ती तोडून फ्रीझरमध्ये टाकली. माणूस किती निगरगट्ट असतो बघा.

तिला भेटायला जायचे. "काकू, माझंच काहीतरी चुकलं," असं ती म्हणायची, आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणायचे, "असं मनात आणू नये गं." एवढंच. शरम वाटायची, पण जीभ उचलायची नाही.

गेल्या नोव्हेंबरात ती एकटीच घरी आली. नवऱ्याने दारात सोडलं आणि तो किराणा आणायला गेला. कोट न काढताच म्हणाली, "काकू, मला तिसरा लागलाय." मी तिला जवळ घेतलं. मग ती खुर्चीत बसली आणि खालमानेने म्हणाली, "यावेळी तो काढा आत्तापासूनच द्या. मागच्या वेळी मी चार दिवस तो सिंकमध्ये ओतून दिला. कडू लागायचा म्हणून. तुम्हाला बोलले नाही, यांनाही नाही. चार दिवस, काकू. म्हणूनच ती गेली." आणि हमसून हमसून रडायला लागली.

माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? शेवटचे चार दिवस असतील, तर मी सुटले. मी विचारलंसुद्धा, "कधी ओतलास?"

"सुरुवातीला. मग सवय झाली."

तेव्हा मात्र मला माझीच किळस आली. मी सगळं सांगितलं. म्हातारीची पद्धत काय होती, मी काय केलं, किती आधी सुरू केलं, त्यानेच झालं की नाही हे कुणालाच माहीत नाही. ती रडायची थांबली. कोटाच्या बाहीने डोळे पुसले.

"नर्सने विचारलं तेव्हा मी तुमच्याकडे बघितलं होतं, काकू."

"हो."

"मला वाटलं, तुम्हाला सगळं माहीत असतं."

तिने नवऱ्याला फोन केला आणि बाहेर पायरीवर जाऊन उभी राहिली. गार वारा सुटला होता. मी दार उघडून म्हटलं, "आत ये गं, निदान गरम पाणी तरी घे." तिने वळूनही पाहिलं नाही. "नको काकू. तुमच्या घरातलं काही नको."

दुसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्याचा मेसेज आला. नव्या डॉक्टरला सगळं सांगायचंय, काय दिलं, किती दिलं, लिहून पाठवा. मी लिहिलं. वाळलेला रास्पबेरीचा पाला, मूठभर. पाणी आठ भांडी, आटवून एक. रोज सकाळी, एकवीस दिवस, त्यातले चार सोडून. खाली लिहिलं, नर्सने विचारलं तेव्हा मी नाही म्हणाले. वाचल्याच्या निळ्या खुणा लगेच आल्या. पुढे काही आलं नाही.