रिळांवरच्या चिठ्ठ्या

मास्तरांच्या शिवणीला नाव ठेवायची कुणाची टाप नव्हती. कोट शिवावा तर मास्तरांनीच, असं गिऱ्हाईकं एकमेकांना सांगायची. दुकानाच्या फळीवर दीडशे रिळं आणि प्रत्येकावर बारीक अक्षरात चिठ्ठी: विटकरी, शेवाळी, गडद हिरवा. बघणारा म्हणायचा, काय ही शिस्त! शिस्त कसली कपाळाची! हिरवा कुठला आणि तपकिरी कुठला, हे मास्तरांना जन्मात कधी कळलंच नव्हतं.

लग्नाला महिना झाला नव्हता, तेव्हा त्यांनी एका गृहस्थाच्या तपकिरी कोटाच्या बटणांची काजं हिरव्यागार दोऱ्यानं केली होती. गृहस्थ हातघाईवर आले. बायकोनं मुकाट्यानं काजं उसवली आणि दुपारभर बसून रिळांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. तेव्हापासून रंगाचं बोलणं तिचं, कात्री मास्तरांची. ती गेल्यावरही मास्तरांनी हे कुणाला कळू दिलं नाही. रंग न कळणारा शिंपी म्हटल्यावर कापड कोण देणार हो त्याच्या हातात?

त्या दिवशी वकीलबाई कोटाचं माप द्यायला उभ्या होत्या, आणि मुलगी नातवाला दंडाला धरून तणतणत आत आली.

"बाबा, या कार्ट्याचं आता तुम्हीच बघा. शाळेत एक चित्र पाच वेळा काढून घेतलं. बाई म्हणतात मुद्दाम करतो. आज मीही दिली एक ठेवून." तिनं चित्राचा कागद कापड बेतायच्या टेबलावर आपटला.

मास्तरांनी चष्मा लावला. झाड होतं. खोड, फांद्या, भरगच्च पानं. "छान आहे की गं!"

"छान? पानं तपकिरी आणि खोड हिरवं, हे छान?"

मास्तरांनी कागद उजेडात धरला. त्यांनी पुन्हा पाहिलं. झाडात काही म्हणजे काही चुकलेलं नव्हतं. पोराच्या गालावर मात्र चार बोटं उठली होती, ती बरोबर दिसली.

तरुणपणी गाडी चालवायच्या नोकरीसाठी त्यांची डोळ्यांची तपासणी झाली होती. नोकरी हुकली. डॉक्टर म्हणाले होते, हे जनुकातून येतं. तुमच्याकडून मुलग्यांना जायचं नाही, पण मुलीच्या मुलांकडे लक्ष ठेवा. दोन्ही मुलगे चांगले निघाले, मुलीची नजर तर तिच्या आईसारखी तेज. मास्तर ते साफ विसरून गेले होते. शहाणा माणूस!

वकीलबाई समोरच होत्या. त्या जाईपर्यंत गप्प बसता आलं असतं. मास्तरांनी मापाची फीत गळ्यातून काढून ठेवली.

"त्याला मारू नकोस. तो मुद्दाम करत नाही. मलाही दिसत नाही ते. माझ्याकडूनच आलंय त्याला."

मुलीनं चित्र उचलून पाहिलं. मग फळीकडे वळली. "म्हणजे या चिठ्ठ्या... मला वाटायचं, आईला टापटिपीचं वेड आहे."

"ती माझ्यासाठी लिहायची."

"पण मला तर सगळं दिसतं, बाबा!"

"तुला दिसतं. तुझ्यातून त्याच्याकडे गेलं, एवढंच. तुझा काही दोष नाही." पण ती रडायला लागली होती. पोराचा गाल कुरवाळत सारखी म्हणत होती, "मी मारलं रे तुला, मी मारलं."

वकीलबाईंनी घसा खाकरला. मास्तरांनी मान खाली घातली. "मास्तर," त्या म्हणाल्या, "बाह्यांचं माप राहिलंय."

मुलीनं डोळे पुसले, पोराच्या दप्तरातली खडूंची पेटी टेबलावर उपडी केली, कागदाच्या पट्ट्या कापल्या आणि एकेका खडूवर रंगाचं नाव लिहून चिकटवायला बसली.

नातू आजोबांच्या गुडघ्याशी येऊन टेकला. चित्र त्याच्या हातात होतं.

"आजोबा, तुम्हाला हे झाड कसं दिसतं?"

"तुला दिसतं ना, तस्सं."

पोर पहिल्यांदाच हसलं.