मला ‘अहो’ म्हणणारा मंत्री

रविवारी सकाळी माझ्या मुलीचा, गौरीचा फोन आला. “बाबा, डोनलचे डॅडी गेले... झोपेतच.” डोनल माझा जावई, आयरिश. त्याचे वडील कॉर्मॅक म्हणजे माझे व्याही. खोटं कशाला बोलू, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की वयाने थोरला मी, पण इथेही हाच पुढे गेला. आणि तेही झोपेत! मरणसुद्धा लेकाच्याने बिनविरोध मिळवलं. व्याह्यांना मानाने बोलायची आपली रीत मला ठाऊक आहे, पण मनातल्या मनात मी त्याला कायम अरेतुरेच करत आलो. आता कशाला बदलू?

कॉर्मॅक आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या एका लहानशा गावचा. आधी शाळामास्तर, मग नगरपालिकेत, तिथून पार्लमेंटात. पुढे सरकारं आली नि गेली, हा आपला मंत्रिमंडळात आहेच. मासेमारी, शेती, शिक्षण... खाती बदलायची, माणूस तोच. मध्ये एकदाच निवडणुकीत पडला. तर दुसऱ्या दिवशी सकाळी दारोदार आभार मानत फिरला, मत न देणाऱ्यांचेसुद्धा! पुढच्या खेपेला पुन्हा निवडून आला. मी जन्मभर इथे जर्मनीत, कोलोनमध्ये पंपांची डिझाइनं केली. माझे पंप अजून चालतात, पण पंप काही कुणाचं नाव घेत नाहीत.

त्याला नावांचा भारी नाद. आमच्याकडे पहिल्यांदा राहायला आला आणि दोन दिवसांत बिल्डिंगमधल्या सगळ्यांची नावं त्याला पाठ. ज्या हाउसमाइस्टरने, म्हणजे बिल्डिंगची देखभाल करणाऱ्याने, मला वर्षानुवर्षं कचऱ्याच्या डब्यांवरून फक्त दम दिला, तो याच्याबरोबर जिन्यात बिअर पीत उभा! याला जर्मन तर औषधालाही येत नव्हतं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

चुकलं ते एकच नाव, माझं. सुनंदा, माझी बायको, दिवसभर “अहो, चहा घेताय ना?”, “अहो, चष्मा इथे आहे बघा” करायची. त्याने ते नीट ऐकून ठेवलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात येऊन माझ्या पाठीवर थाप मारत म्हणाला, “गुड मॉर्निंग, अहो!” सुनंदाच्या हातातलं भांडंच पडलं हसताना. मी त्याला खरं नाव सांगायला निघालो, तर ती म्हणाली, “अहो, असू द्या की! मी एकटीने किती हाका मारायच्या तुम्हाला? तेवढीच मला मदत.” ते तसंच राहिलं. दर रविवारी त्याचा फोन यायचा, आणि उचलला की मोठ्याने, “अहो!”

नात झाली तेव्हा ‘तारा’ हे नाव मी सुचवलं. तर हा म्हणतो, “वा! आमच्याकडे तारा नावाची टेकडी आहे, जुने राजे तिथे असायचे.” झालं, नाव त्याचं झालं. तारा माझ्या मराठीला जर्मनमध्ये उत्तर देते, पण त्याच्याकडून आयरिश गाणी मात्र शिकली. मला राग यायचा, अजूनही येतो.

मग मीही हट्टाने आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षपदाला उभा राहिलो आणि सपाटून पडलो. फोनवर त्याला सांगितलं. “प्रचार काय केलास?” त्याने विचारलं. मी म्हटलं, सगळ्यांना ईमेलवर सविस्तर योजना पाठवली होती, आकृत्यांसकट. तर म्हणाला, “अहो, यातल्या किती जणांच्या मयताला गेला होतास?”

तो स्वतः जायचा. मतदारसंघात कुणी गेलं की हा हजर, मंत्री असतानाही. सुनंदा गेली तेव्हा मिळेल त्या विमानाने आला. फ्रीडहोफच्या, म्हणजे इथल्या स्मशानभूमीच्या, हॉलमध्ये मी दगडासारखा उभा, आणि हा ढसाढसा रडत होता. आमचे पुण्याचे मित्र त्यालाच धीर देत होते! बायको माझी, आणि सांत्वन याचं. त्या दिवशी मला त्याचं रडणंसुद्धा हवं होतं.

त्याच्या अंत्यविधीला मी गेलो. चर्चच्या बाहेर रस्ताभर रांग, आणि जो तो काहीतरी सांगत होता. कुणाच्या आईची पेन्शन, कुणाच्या वाडीचा रस्ता त्याने करून दिला होता. निवडणुकीत त्याला पाडणाऱ्या माणसाने शवपेटीला खांदा दिला. मी मनात माझ्या मयताची माणसं मोजली आणि लगेच थांबलो. तेवढ्यात एका म्हातारीने माझा हात धरला. “यू मस्ट बी अहो,” ती म्हणाली. मागचे चौघे-पाच जण वळले. “अहो? कोलोनचा अहो?” सगळ्यांना मी माहीत होतो! त्या गावात मला ओळख होती, तीही त्याचीच देणगी. मला ते आवडलं, आणि आवडलं याचाच राग आला.

परत आल्यावरच्या रविवारी मी सवयीने फोनपाशी चहा घेऊन बसलो. फोन वाजलाही. “बाबा, जेवलात का?” गौरी होती. नंतर तारा आली, ‘आजोबा’ म्हणाली. खाली गेलो तर हाउसमाइस्टर म्हणाला, “गुटन टाग, हेर देशपांडे.” मोठ्या मानाने म्हणाला हं, कॉर्मॅकचा व्याही म्हणून.

वर आलो, चहा गार झाला होता. एक हाक सुनंदा घेऊन गेली, ती मी सोसली, कारण दुसरी याच्याकडे होती. आता हाही घेऊन गेला... आणि घरात मला ‘अहो’ म्हणणारं कुणी नाही.