हॉलमधली घरघर

आई गेली त्यानंतर महिन्याभराने मी वडिलांसाठी, आमच्या आबांसाठी, टीव्हीमागे एक छोटा कॉम्प्युटर बसवला. ऑफिसातून भंगारात निघालेली मशीन, तिच्यात घरातली जुनी डिस्क, डिस्कवर माझ्या लग्नाची कॅसेट, आबांच्या आवडीची कीर्तनं, चार जुने सिनेमे. माणसाचा दिवस कसातरी जावा, एवढाच हेतू. पंचवीस वर्षं मी जळगावात लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करत आलोय, त्यामुळे हे काम म्हणजे माझ्या हातचा मळ. बटण दाबलं, मशीन सुरू झाली, आणि मी मान वळवून खिडकीखालच्या कोपऱ्याकडे पाहिलं.

त्या कोपऱ्यात आईची कॉट होती. चुलीच्या धुराने तिची फुप्फुसं कधीच निकामी करून ठेवली होती. शेवटचे पाच महिने कॉटशेजारी हवेतून ऑक्सिजन काढणारं मशीन चालू असे. अखंड घरघर, आणि दर चार-पाच सेकंदांनी एक सुस्कारा. ते भाड्याचं मशीन तेराव्याच्या आधीच परत गेलं, कॉट गच्चीवर गेली, फरशीवर तिच्या पायांचे चार डाग राहिले. आणि आता तोच आवाज टीव्हीमागून यायला लागला होता.

कारण साधं होतं. कॉम्प्युटरला वीज देणारा जो डबा असतो, सप्लाय म्हणतात त्याला, त्यातला पंखा जुना झाला होता. घरघर करायचा आणि मध्येच अडखळून सुस्कारा सोडायचा. मी पंखा उघडून साफ केला, तेलाचा थेंब सोडला. आठ दिवस सुस्कारा गेला, नवव्या दिवशी परत आला. मला भीती वाटायची, हे सरळच सांगतो. पन्नाशीचा माणूस, हातात स्क्रू-ड्रायव्हर, आणि स्वतःच जोडलेल्या मशीनकडे पाठ करून बसायला धजत नव्हतो. बायकोही हॉलमधून जाताना खिडकीखालच्या कोपऱ्याला वळसा घालून जायची.

आबांचं मात्र काहीच बिघडलेलं दिसत नव्हतं. दुपारी जेवले की ते दिवाणावर आडवे व्हायचे, टीव्ही बंद करायचे आणि मशीन तशीच चालू ठेवायचे. मी कामावरून आलो की ओरडायचो. ‘आबा, टीव्हीबरोबर मागची मशीनही बंद करत जा,’ हे वाक्य मी वर्षभरात किती वेळा म्हटलं असेन देव जाणे. ते ‘हो’ म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी मशीन पुन्हा चालू. उन्हाळ्यात तर कहरच झाला. बाहेर चव्वेचाळीस डिग्री, नि हा माणूस हॉलमधला कूलर लावू देईना. सर्दी होते म्हणे. उभं आयुष्य एरंडोलकडच्या कोरडवाहू शेतात काढलेल्या माणसाला वैशाखात सर्दी! म्हातारपणाचा हेका, म्हणून मी सोडून दिलं.

त्याच उन्हाळ्यात आईविना पहिली आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आली. आमच्याकडे आखाजीला नवी घागर भरतात, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात, आणि घरातला कर्ता उंबरठ्यावर गेलेल्यांच्या नावाने एकेक कुंकवाचं बोट उमटवतो. आबांनी त्यांच्या वडिलांचं बोट लावलं, त्यांच्या आईचं लावलं, थोरल्या भावाचं लावलं, आणि हात पुसून उठले. बायकोने हळूच विचारलं, आईंचं राहिलं ना? ते म्हणाले, पुढच्या साली. वर्ष भरलं नाही म्हणून असेल, असं आम्ही समजलो. पुढे वर्षश्राद्धालाही ते दुसऱ्या कोणाच्या घरी आल्यासारखे बसून होते. तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

या वर्षी होळी झाली आणि मी ठरवलं, आखाजीच्या आत हा आवाज घरातून घालवायचा. पहिल्यांदा जळगावच्या दुकानदाराकडे गेलो. त्याने साडेचारशे वॅटचा सप्लाय काढून माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाला, वजन बघा साहेब. डांगर घेतल्यासारखा मी तो हातात तोलला. आमच्या धंद्यात अजूनही माल असाच जोखतात, जड तो चांगला. पण माझ्या मशीनला पन्नास वॅटसुद्धा लागत नव्हते. एका कपाच्या चहाला कोणी लग्नाचं पातेलं चढवत नाही. शिवाय त्यातला पंखा लहान होता, आणि लहान पंखा जोरात फिरतो, जोरात फिरला की ओरडतो. मोठा पंखा सावकाश फिरतो, पण मला सावकाश फिरणारासुद्धा नको होता. आज गप्प असलेला पंखा दोन वर्षांनी सुस्कारे टाकणार नाही, याची हमी कोण देणार?

शेवटी धुळ्याच्या एका दुकानात हवं ते मिळालं. बाहेर लॅपटॉपसारखा चार्जर, आत बोटभर सर्किटची पट्टी, पंखा कुठेच नाही. दुकानदाराने बजावलं की आपल्याकडच्या उन्हात बिनपंख्याचं तापतं, चार्जर मोकळ्या हवेत ठेवा. एवढा शांत सप्लाय कशाला पाहिजे, असंही त्याने विचारलं. घरात वडील झोपतात, त्यांना त्रास होतो, असं मी सांगितलं. पारोळा, एरंडोल करत बस जळगावला येईपर्यंत ते खोकं मी मांडीवर धरून बसलो होतो, आणि आपण वडिलांसाठी केवढं करतो याचं मला कौतुक वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आबा मागच्या ओट्यावर बसले असताना मी जुना सप्लाय काढला, नवा जोडला, बटण दाबलं. हिरवा दिवा लागला आणि काहीही ऐकू आलं नाही. वर्षभरात पहिल्यांदा मी त्या मशीनकडे पाठ करून निवांत बसलो.

जेवण झाल्यावर आबा दिवाणावर आडवे झाले. थोड्या वेळाने उठून बसले. मग भिंत धरत टीव्हीपर्यंत आले, वाकले आणि मशीनच्या जाळीपाशी उलटा हात धरून उभे राहिले. तो हात मी ओळखला. शेवटच्या दिवसांत आईच्या नाकाशी ते असाच हात धरायचे.

“बंद पडनं का?” त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, नाही आबा, चालू आहे, फक्त आवाज येत नाही. दिवा बघा. त्यांनी दिव्याकडे पाहिलंच नाही.

“त्या आवाजमा माले तिना श्वास ऐकू ये,” ते म्हणाले.

कूलर का नको होता, मशीन रोज चालू का राहायची, उंबरठ्यावर बोट का उमटलं नाही, सगळं एकदम समजलं. ज्या आवाजाने मी वर्षभर दचकत होतो, त्याच्याच भरवशावर हा माणूस झोपत होता. मी धावत जाऊन जुना सप्लाय आणला आणि स्क्रू काढायला बसलो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “ऱ्हाऊ दे,” म्हणाले, आणि ओट्यावर जाऊन बसले. पुढचे दहा दिवस ते दुपारी हॉलमध्ये आले नाहीत. ओट्यावर आडवे व्हायचे, डोळे उघडे ठेवून.

मग आखाजी आली. घागर भरली, आबा पाट घेऊन उंबरठ्याशी बसले. वडील, आई, थोरला भाऊ. मग त्यांचा हात थांबला. त्यांनी हॉलकडे मान वळवली आणि ऐकत राहिले. मीही ऐकत होतो. मशीन चालू होती आणि घरात कसलाच आवाज नव्हता. त्यांनी बोट पुन्हा कुंकवात बुडवलं आणि माझ्या आईचं नाव घेतलं. आबांनी तिचं नाव घेतलेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. तिला हाक मारायची तर ते नुसते खाकरायचे. आत बायको तोंडाला पदर लावून उभी होती.

जेवणं झाल्यावर ते हॉलमध्ये आले आणि दिवाणावर आडवे झाले.

“कूलर लाव,” म्हणाले.

मी कूलर लावला. त्याच्या धडधडीत ते दोन तास झोपले. उठल्यावर त्यांनी एवढंच सांगितलं की तो सप्लायचा जुना डबा भंगारवाल्याला देऊन टाक, घरात ठेवू नको.

भंगारवाला आमच्या गल्लीत दर आठवड्याला येतो. त्याची हाक ऐकली की आबा विचारतात, “दिधा का तो डबा?”

मी म्हणतो, दिला. तो माझ्या कपाटात आहे, शर्टांच्या खाली. घरात कोणी नसलं की मी त्याला वीज जोडतो आणि थोडा वेळ त्याच्याजवळ बसतो.