आमचे डेन्मार्कचे चेअरमन

बसमध्ये कुठलाही वाद पेटला की ते डोळे मिटायचे, उजव्या हाताचं बोट वर करायचे आणि शांतपणे विचारायचे, "रेकॉर्ड काय म्हणतं?"

वाद कशाचाही असो. पगारवाढ कुणाला मिळणार, मेसच्या डाळीत पाणी किती, वाळवंटातल्या लांबच्या दुखान साइटवर बदली झाली तर चांगलं की वाईट. रेकॉर्ड मात्र एकाच ठिकाणचं असायचं. डेन्मार्कमधल्या एका लहानशा बंदराच्या गावात एक फुटबॉल क्लब आहे, त्याचं.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. कुणी ज्योतिषातून जग बघतं, कुणी ब्लडप्रेशरमधून. हे गृहस्थ ज्या क्लबातून बघत, तो क्लब जिथं होता त्या देशात त्यांनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं.

कतारातल्या मेसईदच्या आमच्या खत कारखान्यात ते स्टोअरचे क्लार्क होते. मूळचे श्रीवर्धनजवळच्या एका गावचे. वर्षानुवर्षं इकडं एकटे, बायको गावी. दाढी पांढरी, चष्मा दोरीनं गळ्यात. खरं नाव त्यांच्या आयकार्डावर होतं. बाकी सगळे त्यांना चेअरमन म्हणत. मेसईदहून ओल्ड एअरपोर्ट नावाच्या आमच्या वस्तीकडे जाणाऱ्या संध्याकाळच्या बसमध्ये माझी जागा त्यांच्या शेजारी. त्यामुळे त्या क्लबाचा इतिहास मला माझ्या खानदानापेक्षा जास्त पाठ झाला.

हाच क्लब का, असं मी त्यांना एकदा विचारलं.

"अरे बाबा, रूमवर सहा जण होतो," ते म्हणाले. "तिघे एका इंग्लिश क्लबाचे, दोघे दुसऱ्याचे. रोज भांडण. एकदा तर भाताचं पातेलं उडालं. मी म्हटलं, आपल्याला असा क्लब पाहिजे की कतारात दुसऱ्या कुणाला त्याचं नावही ठाऊक नसेल. फोनवर यादी लावली, बोट फिरवलं, थांबलं तिथं थांबलं. काय समजलास? कुणी भांडायलाच येत नाही."

असं एकट्यानं सुरू झालेलं प्रकरण पुढे वाढलं. त्यांनी क्लबाचा निळा लोकरी मफलर मागवला आणि स्टोअरच्या ड्रॉवरमध्ये ठेवला. कतारच्या उन्हात त्याचा उपयोग एवढाच, की कुणी बोल्ट मागायला आलं की आधी मफलर दिसायचा, मग बोल्ट मिळायचा.

लातूरकडचा बापू वेल्डर आमच्याच बसमध्ये असे. गावाकडं त्याच्या घराचं काम चालू होतं आणि ठेकेदार स्लॅब अर्धवट टाकून पळाला होता. बापू बसमध्ये तोंड पाडून बसला. चेअरमननी बोट वर केलं.

"आमच्या क्लबाच्या स्टँडचं छप्पर वादळात उडालं होतं. लोकांनी छत्र्या धरून मॅच बघितली. आणि त्याच वर्षी आम्ही वरच्या डिव्हिजनमध्ये गेलो."

"म्हणजे मी काय छत्री धरून राहू का घरात?" बापू म्हणाला.

"रहा. वर जाशील."

बापू हसला. त्या दिवशी तो पहिल्यांदाच हसला होता, त्यामुळे छप्पर खरंच उडालं होतं का, हे विचारायचं आम्ही सोडून दिलं.

शंका मात्र होतीच. मोठा विजय, मोठी हार, सगळ्यांत जास्त सामने खेळलेला खेळाडू, या गोष्टी ते जबाबदारीनं सांगत आणि त्या खऱ्या वाटत. पण मधेच एक गोलकीपर यायचा, जो मासेमारीच्या होडीवरून थेट मैदानात आला आणि घाईत गमबूट घालूनच खेळला. मग एकदा मैदानात शेळ्या शिरल्या. एकदा गोलपोस्टच्या मागं सुकट वाळत घातली होती, तिच्यावर पाय घसरून पाहुण्यांचा फॉरवर्ड पडला. हे डेन्मार्क मला फार ओळखीचं वाटायचं. त्यात फक्त फणस यायचा राहिला होता.

"तिकडं सुकट असते?" मी विचारलं.

"समुद्र आहे ना? मग सुकट असणारच," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

असं सुखात चाललं होतं आणि उन्हाळ्याच्या तोंडावर शटडाऊन आला. म्हणजे कारखाना काही आठवडे बंद ठेवून सगळी यंत्रं उघडायची, तपासायची. त्यासाठी बाहेरून तज्ज्ञ येतात. या खेपेला कॉम्प्रेसर बघायला आलेला इंजिनिअर डेन्मार्कचा निघाला.

ही बातमी बापूनं आणली. बसमध्ये त्या संध्याकाळी एवढा आनंद पसरला, की जणू सगळ्यांना बोनस लागला होता. चेअरमन तेवढे खिडकीबाहेर बघत बसले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आम्ही इंजिनिअरला कँटीनमध्ये बरोबर चेअरमनसमोर आणून बसवलं. उंच, लालबुंद, शांत माणूस. बापूनं आपल्या इंग्रजीत ओळख करून दिली, "धिस मॅन, युवर कंट्री, फुटबॉल, फुल नॉलेज."

इंजिनिअरनं क्लबाचं नाव विचारलं. चेअरमननी सांगितलं. इंजिनिअरनं हातातला चमचा खाली ठेवला.

"मी त्याच्या शेजारच्या गावचा," तो म्हणाला. "तुमच्या क्लबाचं तोंड बघत नाही आम्ही."

जगातला जो एकमेव माणूस चेअरमनशी भांडू शकत होता, तो कंपनीनं विमानाचं तिकीट काढून मेसईदला आणला होता.

आम्हाला वाटलं, आता म्हातारा उघडा पडणार. चेअरमननी पाण्याचा घोट घेतला आणि मोठ्या विजयाचं रेकॉर्ड सांगितलं. इंजिनिअरनं नाक मुरडून मान डोलावली. तो विजय त्याच्याच गावावर मिळवलेला होता. मग त्यानं उलट त्यांच्या मोठ्या हारीचं रेकॉर्ड सांगितलं. ती हार त्याच्या गावाकडून झालेली. दोघंही खरे. मग बापूनं काडी टाकली, "आणि तो गमबूटवाला गोलकीपर?"

इंजिनिअर म्हणाला, असा कुणी नव्हता.

"तुमच्याविरुद्ध खेळला होता तो," चेअरमन म्हणाले. "हरलेले लोक अशा गोष्टी कशाला लक्षात ठेवतील?"

त्या दिवसापासून शटडाऊनभर रोज दुपारी हेच. कोण आधी स्थापन झालं, कुणाच्या मैदानावर वारा जास्त, कुणाचा रेफ्री विकला गेला होता. इंजिनिअर टेबलावर हात आपटायचा, चेअरमन बोट वर करायचे. भांडण नको म्हणून क्लब निवडलेला हा माणूस भांडता भांडता दहा वर्षांनी तरुण दिसू लागला. ते सकाळी दाढीला कंगवा करून येऊ लागले. बापू म्हणाला, "यांचं लग्न ठरलंय का काय?"

आणि मग कळलं की क्लब संकटात आहे. हंगामाचा शेवटचा सामना उरला होता, तो हरला तर क्लब खालच्या डिव्हिजनमध्ये जाणार. सामना कुणाशी, तर इंजिनिअरच्या गावाशी.

पैज लागली. क्लब टिकला, तर इंजिनिअरनं शटडाऊन संपेपर्यंत निळा लोकरी मफलर गळ्यात घालून साइटवर फिरायचं. खाली गेला, तर चेअरमननी भर कँटीनमध्ये उभं राहून आपली कोणकोणती रेकॉर्डं खोटी आहेत ते सांगायचं. चेअरमननी हात मिळवला, पण मला त्यांचा चेहरा बरा दिसला नाही.

सामना शनिवारी होता. शटडाऊनमुळे सुट्टी नव्हती. चहाच्या वेळी आम्ही कँटीनच्या कोपऱ्यात जमलो. एवढ्या लहान सामन्याचं चित्र कुठं दिसेना. इंजिनिअरच्या फोनवर त्याच्या गावच्या रेडिओचं समालोचन लागलं, तेही डॅनिशमध्ये. म्हणजे चेअरमनना आपल्या क्लबाचं काय होतंय हे शत्रूच्या तोंडून ऐकायचं होतं.

"खरं सांगतोस ना?" ते दर मिनिटाला विचारत.

सुरुवातीला इंजिनिअर रंगवून सांगत होता. आमचा शॉट, आमचा कॉर्नर, तुमचे पळताहेत. पण चेअरमननी एकदाही बोट वर केलं नाही. कपातला चहा तसाच होता, त्यावर साय धरली होती. हळूहळू इंजिनिअरचं सांगणं आखडत गेलं. दोन्ही बाजू बरोबरीत होत्या. बरोबरी राहिली तरी क्लब वाचत होता. सामना संपत आला होता.

एकदम फोनमधला माणूस किंचाळला. मागं माणसांचा गलका उठला.

इंजिनिअरनं फोनचा आवाज कमी केला.

"काय म्हणतो तो?" चेअरमननी विचारलं.

"जाहिरात लागली आहे," इंजिनिअर म्हणाला.

"जाहिरातीत एवढा ओरडतो?"

"फर्निचरची आहे. सेल लागलाय."

चेअरमन त्याच्याकडं बघत राहिले. थापा मारण्यात ज्याची हयात गेली त्याला दुसऱ्याची थाप ओळखू येणार नाही, असं होईल का? त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि म्हणाले, "स्वस्त लावलंय वाटतं फर्निचर."

मग उठून ते स्टोअरमध्ये गेले. त्या संध्याकाळी बसमध्ये दोघंजण चक्क पगारावरून भांडले आणि बोट वर झालं नाही. बापूनं दोनदा मागं वळून बघितलं. आम्हाला ही पैज आता नकोशी झाली होती. पण चेअरमन उतरताना म्हणाले, "उद्या कँटीनमध्ये या सगळे. बोललो ते करणार."

दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. कँटीन भरलं होतं. ते उभे राहिले. घसा खाकरला.

"खोटं रेकॉर्ड पहिलं," ते हिंदीत म्हणाले, सगळ्यांना कळावं म्हणून. "आमच्या क्लबाची सगळ्यांत मोठी हार. ती कधी झालीच नाही. मी उगाच सांगत होतो."

इंजिनिअरला कुणीतरी भाषांतर करून सांगितलं. तो ताडकन उभा राहिला. "झाली. आम्हीच हरवलं. माझे वडील मॅच बघायला होते."

"खोटं रेकॉर्ड दुसरं," चेअरमन त्याच्याकडं न बघता म्हणाले. "काल आम्ही खाली गेलो, ते."

कँटीन हसलं. चेअरमनही हसले, पण हातानं टेबलाची कड घट्ट धरलेली होती. तिसऱ्याला त्यांनी बोट वर केलं आणि ते तसंच राहिलं. आता खरंच खोटं असलेलं सांगायची वेळ आली होती. आपल्याच गोलकीपरला हाकलून द्यायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

"आणि गमबूटवाला?" मागून कुणीतरी ओरडलं.

"तो खरा आहे," इंजिनिअर म्हणाला.

सगळे त्याच्याकडं वळले.

"मी काल घरी फोन केला होता. वडील म्हणाले, त्यांनी पाहिलाय. हिरवे गमबूट होते." एवढं बोलून तो खाली बसला आणि बिर्याणी खाऊ लागला.

चेअरमननी टेबलाची कड सोडली. मग म्हणाले, "काळे होते," आणि बसले.

शटडाऊन संपला, इंजिनिअर गेला. जाताना चेअरमननी त्याला मफलर दिला, आणि त्यानंही तो मुकाट्यानं बॅगेत ठेवला. त्याच वर्षी चेअरमनची नोकरीही संपली. पासपोर्टावर फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं परत जायचा शिक्का, लागली आणि ते श्रीवर्धनला गेले. विमानतळावर मी त्यांना सोडायला गेलो होतो. ते म्हणाले, "यल्ला, खलास. चला, संपलं," आणि मागं न बघता आत गेले. बसमध्ये त्यांच्या जागेवर तेलुगू बोलणारा एक तरुण फिटर बसू लागला. तो कानात इयरफोन घालतो आणि कुणाशी भांडत नाही.

पुढच्या हंगामाच्या शेवटी तो क्लब पुन्हा वर चढला. मला ते कळलं, कारण मी बघत होतो. बापूही बघत होता, असं त्यानं मला नंतर सांगितलं. मी लगेच श्रीवर्धनला फोन लावला. त्यांच्या बायकोनं उचलला.

"सलाम, चाची," मी म्हणालो. "चेअरमनना सांगा, क्लब वर आला."

"कुठला क्लब?"

"त्यांचा. डेन्मार्कचा."

इतक्या वर्षांत या माणसानं घरी एका शब्दानं काही सांगितलेलं नव्हतं. चाचींनी फोन कानापासून दूर धरून हाक दिली, "ऐकलं का? कतारवरनं फोन आहे. कुठला तरी क्लब वर आला म्हणतात."

फोनवर कुणी आलं नाही. दार वाजलं, मग चपलांचा आवाज लांब गेला.

"भाऊ, बातमी चांगली आहे की वाईट?" चाचींनी विचारलं.

"चांगली आहे."

"मग असू दे. वाडीत गेलेत. नारळ काढायला माणूस आलाय, तो माडाच्या पार टोकाला आहे, आणि हे खाली बुंध्याशी उभे राहून, बोट वर करून त्याला काय काय सांगतायत." त्या थोडा वेळ बघत राहिल्या असाव्यात. "तो बिचारा आता उतरणार कसा?"