सगळा रस्ता दुसऱ्या गिअरमध्ये

माझा थोरला भाऊ जुन्या गाड्यांचा मेकॅनिक. गॅरेजात त्याला सगळे उस्ताद म्हणायचे, आणि होताच तो उस्ताद. त्याची स्वतःची गाडी एकच, साठ वर्षांची, स्टिअरिंगलाच गिअरचा दांडा असलेली. ती दारात उभी असताना माझी वहिनी बावीस वर्षं बसने फिरली.

एकदा हिच्यातून फिरवून आणा, एवढंच तिचं मागणं. दादाचं उत्तर ठरलेलं. आज रस्ता ओला आहे, उद्या धूळ आहे. दांड्यापासून खाली गिअरपर्यंत दोन सळया जातात, त्यांच्या सांध्यांत पाणी शिरलं की गंज धरतो, हे पुराण आम्हाला तोंडपाठ होतं. सांध्यांवर ग्रीस थापून त्याने वर जुन्या चादरीच्या पट्ट्या सुतळीने घट्ट बांधल्या होत्या. रविवारी तो इंजिन चालू करायचा, दहा मिनिटं ऐकायचा आणि बंद करायचा. गिअर मात्र टाकायचा नाही. बसलेलं ग्रीस हलेल म्हणे! वहिनीच्या औषधांच्या वेळा मात्र मी लक्षात ठेवायच्या. राग यायचा मला त्याचा. खोटं कशाला बोलू, अजूनही येतो.

पुढे वहिनीचं दुखणं हाताबाहेर गेलं. आता घरी न्या, जे काही दिवस आहेत ते घरात जाऊ देत, असं इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. वहिनीने दादाकडे पाहिलं.

"उद्या न्यायला गाडी घेऊन या," ती म्हणाली. कुठली, हे त्याने विचारलं नाही.

सकाळी त्याने क्लच दाबून दांडा ओढला. तो तसूभरही हलेना. बॉनेट उघडून त्याने सुरीने पट्ट्या कापल्या. कापड आतून ओलं होतं. वर्षानुवर्षं त्याने ओल धरून ठेवली होती, आणि ग्रीसखाली दोन्ही सांधे गंजून लालभडक झाले होते. दादाने बोटाने गंज खरवडून पाहिला.

"मीच बांधून ठेवला गं हा गंज," तो म्हणाला.

टोमणा माझ्या ओठांवर आला होता, तो मी गिळला. टॅक्सी बोलावू म्हटलं, तर त्याने नकारार्थी मान हलवली. तेल सोडत, हलकेच ठोकत तीन तास गेले. शेवटी एक सळई सरकली, दांडा दुसऱ्या गिअरमध्ये पडला आणि तिथेच अडकून बसला.

तसेच निघालो. इस्पितळाच्या आवारात गाडी वळवायला रिव्हर्स कुठला? वॉचमनने आणि मी ढकलून तिचं तोंड फिरवलं. पुढच्या सीटवर उशीला टेकून बसलेली वहिनी आमची फजिती बघून हसली. कित्येक दिवसांनी हसली.

सगळा रस्ता दुसऱ्या गिअरमध्ये. रिक्षावाले पुढे जात होते, मागचे हॉर्न वाजवून शिव्या घालत होते. दादाची नजर रस्त्यावरच खिळलेली.

"वेग घेता येत नाहीये," तो कसंबसं म्हणाला.

"हळूच न्या," वहिनी म्हणाली. "मला कुठे घाई आहे?"

मागच्या सीटवर मी तोंडात पदर कोंबला.

अकराव्या दिवशी ती गेली.

पट्ट्या आता नाहीत. दर रविवारी दादा सांधे कोरडे पुसतो, तेलाचे चार थेंब सोडतो, सगळे गिअर टाकून बघतो आणि पाऊस असो वा धूळ, गाडी बाहेर काढतो. मी मागेच बसते. गिअर आता लोण्यासारखे पडतात. तरी इस्पितळापासून घरापर्यंतचा रस्ता तो दुसऱ्यातच काढतो. मागून हॉर्न वाजतात. वाजू देत.