अँटेना उपसल्यावरही

असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगतो. आचऱ्याला पंचवीस वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्त करतोय; कोणी भूत म्हटलं की मी आधी फ्यूज बघतो. तरी लिहितोय, कारण घरात सांगायला कोणी नाही...

आम्ही दोघंच भाऊ. धाकटा बाबल मासेमारीला जायचा. खाडीत शिरताना आमचे होडीवाले वायरलेसवर "पोचलंय" म्हणतात, मग घरी भात चढतो. मी दुकानातल्या स्कॅनरवर त्याचा आवाज ऐकायचो आणि तांदूळ धुवायला उठायचो.

२००५ च्या मे महिन्यात त्याचा वायरलेस बिघडला. मी आधी एका लग्नघराचा ॲम्प्लिफायर हातात घेतला. बाबल म्हणाला, "ऱ्हवांदे रे दादा. मी खंय लांब जातंय?" सेट माझ्या दुकानात कपाटावरच राहिला, तो तसाच गेला. संध्याकाळी वादळ उठलं. होडीच्या फळ्या मिठबावच्या किनाऱ्याला लागल्या, बाबल नाही.

पुढच्या जुलैतली गोष्ट. मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर माडाच्या झापांखाली, गावातले बहुतेक वायरलेस दुरुस्तीला माझ्याकडेच — बॅटऱ्या काढून. दुपारी चारच्या सुमाराला स्कॅनर उगाच चालू होता. अचानक त्याची खरखर दबली आणि सिग्नलच्या सगळ्या पट्ट्या भरल्या. जवळचा जोरदार सिग्नल आला की स्कॅनर असा बधिर होतो. म्हटलं, नव्या मोबाईल टॉवरचा प्रताप! सिग्नल कमी करायचं बटण दाबलं... काही नाही. वीज बंद करून सेलवर लावला, तेच. शेवटी अँटेनाच उपसली. लांबचं काही असेल तर आता गप्प व्हायलाच हवं.

पट्ट्या भरलेल्याच. म्हणजे पाठवणारा हाताच्या अंतरावर. आणि दुकानात मी एकटा.

मग फुंकर ऐकू आली. बोलण्याआधी माइकमध्ये फुंकायची बाबलची खोड. त्यावरून मी कितीदा त्याच्यावर खेकसलोय.

"दादा, पोचलंय रे."

पट्ट्या उतरल्या.

मी "बाबल, बाबल" ओरडत राहिलो. स्कॅनरवर फक्त ऐकता येतं, बोलता येत नाही — हे मी गिऱ्हाइकांना सांगतो! शेजारची काकी धावत आली. "कोणाक हाका मारतंस रे?"

"कोणाक नाय गे."

भीती नाही वाटली. फार एकटं वाटलं. कपाटावरचा सेट उघडून बघितला : बॅटरी नाही, आतला सोल्डरचा टाका तुटलेलाच. घरी जाऊन तांदूळ धुतले, दोघांचे.

दुसऱ्या दिवशी तो टाका मारला. दहा मिनिटांचं काम होतं.

तो आवाज कुठून आला, मला आजही सांगता येत नाही. रोज चार वाजता मी त्याच सेटचं बटण दाबून म्हणतो, "आयकलंय रे, बाबल. चूक माझी." बाजूला स्कॅनर असतो. पट्ट्या भरतात, पण आवाज माझाच येतो.